यादीतलं सहावं नाव

माघ वद्य पंचमी, गुरुवार. दंडाची रक्कम एक्कावन्न रुपये. हजर माणसं अकरा: गावचे चार पंच, मेलेल्या सहा बैलांचे सहा मालक आणि गावचा कोतवाल. जिच्यावर दंड बसवला ती बाई हजर नव्हती, कारण तिला बोलावलंच नव्हतं. कोतवालानं तिच्या अंगणाबाहेर उभं राहून निरोप सांगितला. तिनं आतून पैसे आणले आणि सपरीच्या, म्हणजे ओसरीच्या, कडेला ठेवले. ते हातानं कोणी उचलले नाहीत. कडुलिंबाच्या डहाळीनं ओढून घेतले, पाण्यात धुतले आणि सहा मालकांत सारखे वाटले. प्रत्येकाच्या वाट्याला साडेआठ रुपये आले.

इतकी वर्षं गेली, पण हे आकडे माझ्या डोक्यातून पुसले गेले नाहीत. पोलीस खात्यात मी चोवीस वर्षं काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले, रेल्वे यार्डातल्या चोऱ्यांची तर गणतीच नाही. या प्रकरणात माणूस मेला नाही की कोणाचं घर फुटलं नाही. तरीही नोकरीत मला सगळ्यांत जास्त भीती वाटली ती याच पाच दिवसांत. गुडघ्यानं दगा दिला म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडून मी फुलचूरला घर केलं. आता वेळ आहे, म्हणून लिहितो. नावं देणार नाही. बहुतेक माणसं हयात आहेत. गोंदियापासून सात कोसांवरचं, एकसष्ट घरांचं धानाचं गाव, एवढं पुरे.

आमच्या ठाण्यात शुक्रवार हा कोतवालांचा दिवस. हद्दीतल्या प्रत्येक गावाचा कोतवाल जन्ममृत्यूचं पुस्तक घेऊन यायचा आणि जमादार त्यावरून आमच्या रजिस्टरात आकडे उतरवायचा. ढोरांच्या रोगाची विचारपूसही तेव्हाच व्हायची. त्या शुक्रवारी या गावच्या कोतवालानं सांगितलं, "जनम दोन, मरण एक, बैल सहा."

"सहा? कोणता रोग पडला रे?" जमादारानं विचारलं.

"रोग नाही जी." कोतवालानं आधी मागं वळून दाराकडे पाहिलं. "गावात बाई हाय एक. तिचं काम हाय."

त्याच्या मागं चाळिशीचा एक उंच, हडकुळा शेतकरी हातातला दुपट्टा पिळत उभा होता. लग्न न झालेला, एकटा राहणारा, एका जोडीवर शेती करणारा. सहावा बैल त्याचा होता.

"रिपोर्ट लिवा, ठाणेदार साहेब. माहा बैल मारला तिनं."

"कशानं मारला?"

"नजरेनं. तीन दिवस बैल खाल्ला नाही, तोंडाले फेस आला, चवथ्या दिवशी पडला. पाची घरी असंच झालं. अंगावर ना जखम, ना वळ."

कालच्या दंडाचं कोतवालानं सांगितलंच होतं. मी म्हणालो, "मग दंड मिळाला ना तुला? साडेआठ रुपये घेतलेस. आता रिपोर्ट कायले?"

त्यानं दुपट्ट्याला आणखी एक पीळ दिला आणि म्हणाला, "मंगळवारपावतर सातवा बैल पडला, तर तिले एरंडाच्या फोकानं झोडपून शिवेबाहेर काढाचं ठरलं जी. दर घरामागं एक फोक. मी म्हणतो, त्याच्या आंदी तुमीच तिले धरून न्या. हवालातीत टाका. थ्ये लोक मारून टाकतीन तिले, आन् मले त्यात हात नाही लावाचा."

म्हणजे तक्रार बाईविरुद्ध होती आणि खरी विनवणी तिला वाचवण्याची होती. ठाण्यात येणारा माणूस जे लिहायला सांगतो आणि जे सांगायला येतो, ते पुष्कळदा वेगळं असतं.

एरंडाच्या फोकानं, म्हणजे ओल्या छडीनं, मारलं की चेटूक करणारीची शक्ती उतरते, असं आमच्या भागात मानतात. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात मी असा पंचनामा केला होता. प्रेत बोडीच्या, म्हणजे शेतातल्या लहान तळ्याच्या, काठाला होतं. गावात त्रेचाळीस घरं होती. साक्षीदार एकही मिळाला नाही. तो कागद मी फाइल केला तेव्हाच ठरवलं होतं, की असा दुसरा कागद आपल्या हातानं लिहायचा नाही.

ही बाई कोण, हे मला ऐकून माहीत होतं. चाळिशी ओलांडलेली विधवा, अकरा एकर धान स्वतः करणारी. चार वर्षांपूर्वी गावच्या तलावाचं पाणी सोडायचं दार मोडलं. दुरुस्ती झाल्याचं लोकल बोर्डाच्या कागदावर दोनदा लिहिलं गेलं, प्रत्यक्षात एकदाही झाली नाही. तेव्हा तिनं गावातल्या बावीस बायका नेल्या आणि ओव्हरसियर उतरला होता त्या बंगल्याच्या पायऱ्यांवर दोन दिवस बसवल्या. दार दुरुस्त झालं. पुढं पाण्याच्या पाळ्या ठरवायला लोक तिच्याकडे जाऊ लागले. या खेपेला शेतसारा भरणाऱ्यांच्या बायकांची आणि विधवांची नावं मतदारांच्या यादीत आली, आणि हिनं लोकल बोर्डासाठी अर्ज भरला. समोर होता शेजारच्या गावचा मालगुजार, म्हणजे सरकारसाठी सारा वसूल करणारा जमीनदार, आणि जुना मेंबर. आजवर त्याच्याविरुद्ध कोणी उभं राहिलं नव्हतं.

शनिवारी दुपारी जमादाराला घेऊन मी गावात पोहोचलो. भर दुपारी रस्ता ओस होता. दारं लावलेली. एका दाराच्या फटीतून डोळा दिसला आणि लगेच नाहीसा झाला. बाईच्या कुंपणाला ताजे तोडलेले एरंडाचे फोक टेकवून ठेवले होते. सवयीनं मी मोजले. साठ भरले. गावात घरं एकसष्ट, म्हणजे तिचं सोडून प्रत्येक घराचा एक. ज्यानं माझ्यापुढं दुपट्टा पिळला होता, त्याचाही त्यात होता.

बाई अंगणात सुपानं तांदूळ पाखडत बसली होती. उठून तिनं खाट पुढं केली, आतून पाण्याचा लोटा आणला.

सात कोस घोडीवर बसून आलो होतो. जीभ टाळूला चिकटली होती. पण माझ्या तोंडून निघालं, "नको. तहान नाही."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "भेव वाटते का, साहेब?"

"छे, छे."

ती लोटा आत ठेवून आली.

मी म्हणालो, "बाई, तुम्ही चार दिवस ठाण्याजवळ येऊन राहा. माझं घर आहे, मुलंबाळं आहेत. मंगळवार जाऊ द्या."

"गेली म्हंजे कबूलच केलं ना. सोमवारी अर्ज मागं घ्याचा शेवटचा दिवस हाय. पंचायनं कागद लिवूनच आणला होता, नुसता आंगठा मागत होते. मी म्हटलं, मले सही येते, पण करत नाही."

"तुम्हाला भीती वाटत नाही?"

"वाटते ना. तीन दिवसांपासून भाताचं शीत घशाखाली उतरून नाही राहिलं. पण भेव वाटते म्हणून अर्ज कायले मागं घेऊ? भेव नव्हतं म्हणून काही मी भरला नव्हता."

मी तिथून चावडीवर आलो. निवडणुकीच्या बंदोबस्तासाठी तहसिलीतून मतदारांच्या यादीची प्रत ठाण्याला आली होती. ती माझ्या पिशवीत होती. कोणत्याही तपासात आधी एक तक्ता करायची माझी सवय. एका बाजूला बैल मेल्याचे दिवस लिहिले, समोर मालकांची नावं. मग कोणकोण या बाईच्या बाजूचं आहे हे पाहावं म्हणून यादी उघडली. तिच्या गावातल्या नऊ बायका यादीत होत्या. बायकांची स्वतःची नावं नव्हतीच. अमक्याची बायको, तमक्याची बायको, अशी नोंद. नववी नोंद विधवा म्हणून बाईची.

पहिला बैल मेला तो यादीतल्या पहिल्या बायकोच्या घरी. दुसरा दुसऱ्या. तिसरा तिसऱ्या. पाचापर्यंत एकही क्रम चुकला नव्हता. सहावा बैल मात्र या अविवाहित माणसाचा. तिथं माझा हिशेब अडला. मग मी सहावी नोंद वाचली. तिथं त्याच्याच नावापुढं 'याची बायको' असं लिहिलेलं होतं.

त्याला बोलावून घेतलं. कोतवालही आला.

"तुझं लग्न कधी झालं रे?"

"थट्टा करून राहिले का जी?"

"सरकारी यादीत तुझी बायको आहे. नंबर सहा."

कोतवालाला त्या दिवसांतही हसू आवरलं नाही. "काऊन बे, कोठी लपवून ठेवली?"

"मले बी दाखवा," तो म्हणाला. "इतकी वर्सं हातानं भात शिजवून राहिलो मी."

ही नोंद कशी झाली, ते शेजारच्या घरी कळलं. त्याच्या चुलतभावाचं घर त्याच्या घराला लागून, मधे एक भिंत. चुलतभावाची बायको, पंचविशीची सून, दाराआडूनच बोलली. पटवारी नावं लिहायला आला तेव्हा तिचा नवरा धान विकायला गोंदियाला गेला होता. नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घेणार? नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं लहानपणापासून ऐकलेलं. तिनं हनुवटीनं घराकडे दाखवलं. तिकडेच सपरीत हा, तिचा चुलत दीर, बसला होता. पटवाऱ्यानं विचारलं, हाच का? तिनं लाजेनं मान खाली घातली. पटवाऱ्याला तो होकार वाटला.

मी चावडीवर परतून पुन्हा तक्त्यापुढं बसलो. गावातलं कोणीही हा बैल मारायला गेलं असतं, तर त्याला ठाऊक होतं की या घरात बायको नाही. सुनेच्या खऱ्या घरचे दोन्ही बैल कोठ्यात धडधाकट उभे होते. म्हणजे मारणारा यादी वाचत होता, पण गाव ओळखत नव्हता. भुताखेताला यादी लागत नाही. हे समजल्यावर मला धीर यायला हवा होता. उलट अंगावर काटा आला. कारण यादीत सातवं नाव होतं, आणि त्या घरी त्यानं काय केलं असेल ते मला माहीत नव्हतं.

"बाहेरचा कोण आला होता गावात?" विचारलं तर सगळे म्हणाले, कोणीच नाही. हा प्रश्न चुकीचा असतो. नेहमी येणाऱ्या फेरीवाल्याला, कासाराला, दलालाला गावकरी बाहेरचा म्हणून मोजत नाहीत. मी प्रश्न बदलला. बैलाला कोणी हात लावला होता?

"दलालानं लावला जी," अविवाहित शेतकरी म्हणाला. "बाजारासाठी जोड्या पाहून राहिला होता. माह्या नावानं घर विचारत आला. म्हणे, जोडी ऐकली तुमची. दात पाहिले, शिंगाखाली खाजवलं, भाव न करताच गेला."

पाची घरांनी तेच सांगितलं. सातव्या घरी एक म्हातारं जोडपं होतं. तिथं मी अक्षरशः धावत गेलो. दलाल आदल्याच दिवशी येऊन गेला होता. सकाळपासून एका बैलानं तणसाला, धानाच्या पेंढ्याला, तोंड लावलं नव्हतं.

मी त्याच्या शिंगांच्या मुळाशी केसांत बोटं फिरवली. डाव्या शिंगाखाली ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ लागली. न्हाव्याचा वस्तरा मागवून कोतवालानं ती उघडली. आतून काळपट, काट्यासारखी टोकदार, बोटाच्या पेराएवढी वस्तू निघाली. आमचा जमादार जुना माणूस. पाहताच म्हणाला, "गुंजेच्या विषारी बिया वाटून केलेली सुई आहे ही, साहेब. वरून काही दिसत नाही, विष आत उतरतं." पंचनामा करून सुई बाटलीत बंद केली. म्हातारी मात्र रडत होती, "काहाडू नका जी, थे बाई अजून कोपन." जनावरांच्या डॉक्टरकडे गोंदियाला माणूस धाडला. त्याचा निरोप आला की विष किती उतरलं यावर सगळं आहे, तीन दिवस पाहावं लागेल.

तीन दिवस म्हणजे मंगळवार. एका बाईचा जीव एका बैलाच्या रवंथावर टांगलेला होता.

रविवारी कोहमाऱ्याच्या बाजूच्या एका बाजारात दलाल सापडला. ठाण्यात आणून त्याचा फेटा सोडला, तर आतून चिठ्ठी निघाली. यादीच्या क्रमानं आठ पुरुषांची नावं, सहांवर रेघ, सातव्यापुढं टिंब.

"हे काय?"

"पुतणीच्या लग्नाची बोलावणी हायेत जी."

"सहा पाहुण्यांवर रेघ मारलीस ती?"

"थ्ये येत नाही म्हणले."

जमादारानं काठीकडे पाहिलं. मी नको म्हणालो. मार खाऊन माणूस आपल्याला हवं ते बोलतो, खरं तेच बोलेल असं नाही. दोन तास मी तेच प्रश्न विचारले आणि त्यानं तीच लग्नाची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाला, "साहेब, गंगाजळ हातात घेऊन शपथ घेतली हाय. नाव तोंडानं नाही घेणार."

तोंडानं, हा शब्द मी धरला. माझे वडील शेतकरी होते. त्यांच्याबरोबर मी बैलबाजार पाहिलेले. तिथं भाव बोलून होत नाही. हातावर दुपट्टा टाकायचा आणि खाली एकानं दुसऱ्याची बोटं दाबायची. भोवतीच्या गर्दीला काही कळत नाही. दलाल तोंडानं दिवसभर खोटं बोलेल, पण दुपट्ट्याखाली एकदा दाबलेलं बोट तो फिरवत नाही. फिरवलं तर त्याचा धंदा बसतो.

मी त्याचाच दुपट्टा घेतला, दोघांच्या हातांवर टाकला आणि म्हणालो, "एका बैलाचे किती?"

तो दुपट्ट्याकडे पाहत राहिला. मग माझी चार बोटं दाबली गेली.

"चार रुपये. कोणी दिले?" मी एकेक नाव घेत गेलो. मालगुजाराच्या दिवाणजीचं नाव घेतलं, तेव्हा माझी मूठ त्यानं घट्ट आवळली. मग मी मालगुजाराचं नाव घेतलं. त्याचा हात एकदम सुटला, दुपट्ट्याबाहेर गेला आणि पुन्हा आत आला नाही. कितीही वेळ गेला तरी आला नाही. गंगाजळापेक्षा मोठी भीती कसली, ते मी त्या हातात पाहिलं.

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, दुपट्ट्याखालचा तर नाहीच. पण दिशा मिळाली. दिवाणजीनं कुळांना दिलेल्या पावत्या आणि ती चिठ्ठी यांचं अक्षर एक निघालं. दलालाच्या घरी गुंजा आणि आणखी तीन सुया सापडल्या.

सोमवारी चावडीवर गाव जमवून मी बाटली दाखवली, चिठ्ठी वाचून दाखवली. मला वाटलं होतं, आता फोक मोडले जातील. एका पंचानं बाटली लांबूनच पाहिली आणि म्हणाला, "सुई दिसते जी. पण सुईत जीव कोणी घातला?" बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यांना सुई नाकारायची नव्हती. तीन आठवडे ज्या भीतीत ते जगले होते, ती एका बाटलीत मावत नव्हती.

दुपारी मालगुजार स्वतः आला. माझ्याशी फार गोड बोलला. जाताना म्हणाला, "आप तो समझदार आदमी हैं, ठाणेदार साहेब. सुई तुम्ही काढली, पण उद्या बैल मेला तर गावाला कोण आवरणार? तुम्ही किती जण आहात?"

आम्ही चार होतो, बंदूक एक. त्यानं ती मोजूनच विचारलं होतं. अर्ज मागं घ्यायची वेळ संध्याकाळी पाचला संपली. बाईनं अर्ज मागं घेतला नाही.

मंगळवारी सकाळपासून माणसं म्हाताऱ्याच्या अंगणाभोवती जमू लागली. कोणी आरडाओरड करत नव्हतं. हातात फोक घेऊन नुसते उभे होते. बैल मान टाकून बसलेला, डोळ्यांत पाणी. दहाच्या सुमाराला बाई स्वतः चालत आली. गर्दी दुभंगली, तिचा पदर लागू नये म्हणून लोक मागं सरले. ती बैलापासून चार हातांवर जमिनीवर बसली.

मी हळूच म्हणालो, "तुम्ही कशाला आलात?"

"घरातून ओढत नेण्यापक्षा इथं बसलेली बरी. सारे पाहतीन तरी."

दोन तास गेले. बैलाची प्रत्येक हालचाल मी मोजत होतो. कान हलला की साठ घरांचे डोळे हलत. म्हातारी दर थोड्या वेळानं मूठभर तणस त्याच्या तोंडाजवळ धरायची आणि तो मान फिरवायचा. सूर्य डोक्यावर आला तेव्हा तिनं पुन्हा धरलं. बैलानं हुंगलं. जीभ बाहेर काढली आणि तणसाची एक काडी ओढून घेतली. मग दुसरी. मग तो चावू लागला.

आरोळी वगैरे काही झाली नाही. मागच्या रांगेतला एक माणूस फोक टाकून निघून गेला. मग आणखी दोघं. माफी कोणी मागितली नाही. अर्ध्या तासात अंगण रिकामं झालं. फोक तेवढे पडून राहिले. पुढं बाईनं ते गोळा करून वालाच्या वेलाला मांडव केला, हे मी नंतरच्या फेरीत पाहिलं.

मी तिच्या घरापर्यंत गेलो आणि पाणी मागितलं.

"आता लागली का तहान?" ती म्हणाली. हसली नाही. दोन लोटे मी प्यायलो.

मतदानाच्या दिवशी बंदोबस्ताला मीच होतो. गावातल्या नऊ बायकांपैकी सहा आल्या. तिघी आल्या नाहीत. बैल गमावलेली ती तीन घरं त्या दिवशीही बंद होती. सहावी आली ती चुलतभावाची बायको, डोक्यावरून पदर ओढून, सासूच्या मागं. टेबलावरच्या अधिकाऱ्यानं यादी वाचली आणि विचारलं, "तू अमक्याची बायको?" नाव दिराचं होतं. रांगेतले पुरुष हसले. हो म्हणावं तर भर गावात दुसऱ्याची बायको ठरायचं, नाही म्हणावं तर मत जायचं.

"मी त्यायची भावजय हाय," ती म्हणाली. "यादीत चुकलं."

"मग नवऱ्याचं नाव सांग. नाहीतर मत देता येणार नाही."

नवरा पुरुषांच्या रांगेत होता. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, जणू तो तिथं उभा आहे ना याची खात्री करून घेतली. मग पदराच्या आतून पण स्पष्ट आवाजात तिनं त्याचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट. रांगेतलं हसू थांबलं. सासूनं कानांवर हात ठेवले. नवऱ्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. मी पटवाऱ्याला पुढं बोलावून ओळख पटवली, अधिकाऱ्यानं चूक दुरुस्त करून मतपत्रिका दिली. पुढं कित्येक महिने त्या नवऱ्याला साधं पडसं झालं तरी ती घाबरून जायची, असं कोतवाल सांगायचा. नवरा आजही धडधाकट आहे.

बाई चार मतांनी निवडून आली. त्या सहा बायका आल्या नसत्या, तर दोन मतांनी पडली असती. बोर्डाच्या पहिल्या बैठकीला तिची खुर्ची दाराबाहेर व्हरांड्यात ठेवली होती, बायकांसाठी वेगळी सोय म्हणून. तिनं ती स्वतः उचलून आत आणली. तिच्या मुदतीत त्या भागातल्या चार तलावांची दारं दुरुस्त झाली आणि दोन गावांना शिकलेल्या सुइणी मिळाल्या. धमक्या थांबल्या नाहीत. दोनदा तिच्या तणसाला आग लागली. दोन्ही वेळचा तपास माझ्याकडे होता आणि दोन्ही वेळा मी अपयशी ठरलो.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, हे मी स्वतःला बरेचदा विचारतो. बैल मारणारा पकडणं मला जमलं. भीती कोणी पेरली हेही कळलं. पण सात कोसांची तहान घेऊन एका माणसानं त्या घरचं पाणी नाकारलं, तो माणूस मी होतो. मला कोणी चार रुपये दिले नव्हते. मालगुजाराला सगळ्या गावावर पैसे खर्च करावे लागले नाहीत, कारण आमच्यापैकी बहुतेकांच्या मनात ती भीती आधीच तयार होती.

दलालाला दोन वर्षांची सजा झाली, दिवाणजीला एक वर्ष आणि दंड. मालगुजारावर काही शाबीत झालं नाही. दंडाच्या रकमेतून सहा बैलांच्या मालकांना प्रत्येकी चाळीस रुपये भरपाई देण्याचा हुकूम झाला. ती रक्कम मी ठाण्यात वाटली, अंगठे घेतले. बाईनं भरलेल्या एक्कावन्न रुपयांचा मात्र कोर्टात उल्लेखही आला नाही. ते तिनं आपण होऊन दिले, असं पंचांनी लिहून दिलं होतं.

वाटप झालं त्याच दिवशी बाई बोर्डाच्या कामानं ठाण्यात आली होती. पाच मालक तिच्या समोरून पैसे कमरेला खोचून निघून गेले. अविवाहित शेतकरी मागं थांबला. त्यानं दुपट्ट्याची गाठ सोडली आणि पैसे माझ्या टेबलावर न ठेवता तिच्या हातावर ठेवले.

"वहिनी, हे तुमचे साडेआठ. बैलाचे मले सरकारनं देले. दोनदा कायले घेऊ?"

तिनं पैसे मोजले. "आन् बाकीच्यायचे?"

"बाकीच्यायचं मले नका विचारू," तो म्हणाला. "माहा फोक बी होता तिथं."

एक्कावन्नपैकी तिला परत मिळाले ते साडेआठ रुपये. पावती झाली नाही.